एसबीसीवर एसआयपी प्रोफाइल लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसची फोन यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. एका बाजूला आयपी पीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज) किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स, दुसऱ्या बाजूला प्रोव्हायडरचा एसआयपी ट्रंक (एसआयपी म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडण्याची संदेशांची भाषा, ट्रंक म्हणजे फोन कंपनीशी असलेली जोडणी) आणि मध्ये दोघांचे संदेश पुढे नेणारा सेशन बॉर्डर कंट्रोलर, म्हणजे एसबीसी, अशी मांडणी इथे गृहीत धरली आहे. उदाहरणं बहुतेक सिस्को क्यूब (सिस्कोचा एसबीसी) आणि टीम्स डायरेक्ट राउटिंग (टीम्सला आपल्या एसबीसीमार्फत फोन लाइनशी जोडण्याची सोय) यांची आहेत. दुसऱ्या कंपनीचा एसबीसी असेल तर मेनूतली नावं बदलतील, विचार करण्याची पद्धत तीच राहील.

‘एसआयपी प्रोफाइल’ म्हणजे नेमकं काय? प्रत्येक एसबीसीवर ती वेगळी का दिसते?

नाव एकच असलं तरी कामं दोन आहेत. रिबनच्या एसबीसी १००० आणि २००० वर एसआयपी प्रोफाइल हा सेटिंग्जचा संच असतो: सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणं) चालू की बंद, फ्रॉम आणि कॉन्टॅक्ट हेडरमध्ये (संदेशातल्या माहितीच्या ओळींमध्ये) आयपी पत्ता जाणार की एफक्यूडीएन, म्हणजे पूर्ण डोमेन-नाव, डायव्हर्जन (कॉल कुठून फॉरवर्ड झाला ती नोंद) कसं वाचायचं, वगैरे. हा संच सिग्नलिंग ग्रुपला जोडायचा. ऑडिओकोड्सवर साधारण याच कामाला आयपी प्रोफाइल म्हणतात आणि ती आयपी ग्रुपला जोडतात.

सिस्को क्यूबवर मात्र एसआयपी प्रोफाइल म्हणजे संदेशाचा मजकूर बदलणाऱ्या नियमांची यादी. हे हेडर घाल, ते काढ, त्या हेडरमधला हा भाग बदल, असे ते नियम असतात. ऑडिओकोड्सवर हेच काम मेसेज मॅनिप्युलेशन करतं, ओरॅकलवर एसआयपी मॅनिप्युलेशन. फ्रीस्विचमध्ये आणखी तिसरा अर्थ आहे. तिथे प्रोफाइल म्हणजे एक पत्ता, एक पोर्ट आणि त्यावर ऐकणारा एसआयपी स्टॅक, म्हणजे संदेश वाचणारी आणि तयार करणारी यंत्रणा. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये इंटर्नल प्रोफाइल ५०६० वर आणि एक्स्टर्नल ५०८० वर असते.

म्हणून प्रोव्हायडरच्या सपोर्टने “प्रोफाइलमध्ये बदल करा” असं सांगितलं, की सेटिंग बदलायचं आहे की मजकूर, हे आधी विचारून घ्या. या पानावर पुढे ‘नियम’ असा शब्द येईल तिथे मजकूर बदलणारा नियम समजावा.

एकच गोष्ट सेटिंगने होते आणि नियमानेही होते. कशाने करावी?

सेटिंगने. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

बाहेर जाणाऱ्या संदेशावरचा नियम अगदी शेवटी चालतो. एसबीसीच्या स्टॅकने संदेश तयार केलेला असतो, त्यात काय लिहिलं हे स्वतःपाशी नोंदवलेलं असतं आणि संदेश निघता निघता नियम त्यातली अक्षरं बदलतो. जावक नोंदवहीत एक पत्ता आणि पाकिटावर दुसराच, असा तो प्रकार. उत्तर पाकिटावरच्या पत्त्याप्रमाणे येतं आणि कारकून नोंदवही उघडून बसतो. येणाऱ्या संदेशावरचा नियम उलट बाजूने तेच करतो. समोरच्याने जे लिहिलं ते स्टॅकला कधी दिसतच नाही.

१००आरईएलचं उदाहरण घ्या. फोन उचलण्याआधीच्या तात्पुरत्या उत्तरांचीही पोच मागण्याची ही सोय. १८३ हे असं एक तात्पुरतं उत्तर आणि प्रॅक ही त्याची पोच. प्रोव्हायडरकडून १८३ येतो, त्यात रिक्वायर हेडरमध्ये १००आरईएल असतं, आणि तुमच्या पीबीएक्सला प्रॅक पाठवता येत नाही. येणाऱ्या १८३ मधून रिक्वायर हेडरच काढून टाकावं, असं चटकन सुचतं. तसं केलं की स्टॅकला तो साधा १८३ वाटतो आणि स्टॅक प्रॅक पाठवत नाही. प्रोव्हायडर मात्र प्रॅकची वाट पाहत १८३ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आरएफसी ३२६२ प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) ही वाट टी१ च्या, म्हणजे एसआयपीच्या मूळ टायमरच्या, ६४ पट असते. टी१ सहसा ५०० मिलिसेकंद, म्हणजे एकूण ३२ सेकंद. तेवढ्यात कोणी फोन उचलला नाही, तर प्रोव्हायडर ५०० च्या घरातला नकार देऊन कॉल संपवतो. पटकन उचललेले कॉल लागतात, जरा जास्त वेळ वाजलेले तुटतात, आणि वापरणारे म्हणतात, “कधी लागतो, कधी लागत नाही.” क्यूबवर हे ‘रेल-वन-एक्स-एक्स’ सेटिंगने बंद करता येतं. तसं केलं की एसबीसी मुळातच आपल्याला १००आरईएल जमतं असं सांगत नाही आणि दोन्ही बाजूंचा हिशोब जुळतो.

नंबरच्या पुढे +९१ लावायचं किंवा शून्य काढायचं असेल तर?

तेही नियमाने करू नका. नंबरासाठी ट्रान्सलेशन रूल असतात (ऑडिओकोड्सवर नंबर मॅनिप्युलेशन). तिथे केलेला बदल राउटिंगला, सीडीआरला (कॉलच्या नोंदींना) आणि सगळ्या हेडरना एकदम कळतो. नियमाने रिक्वेस्ट-यूआरआय (कॉल जिथे जायचा तो पत्ता) बदलला तर टू हेडर मागे राहतं, टू बदललं तर बिलिंगच्या नोंदीत जुनाच नंबर दिसतो.

ट्रान्सलेशन रूल लिहितानाही आपल्याकडच्या नंबरांची रचना डोळ्यांसमोर हवी. मुंबईचा कोड ०२२, पुण्याचा ०२० आणि त्यापुढे आठ आकडे. गोव्याचा कोड ०८३२ आणि पुढे सात. रत्नागिरीचा ०२३५२ आणि पुढे सहा. मुंबईच्या ऑफिसात बसून ‘शून्य, दोन आकड्यांचा कोड, आठ आकडे’ असा साचा लिहिला तर पणजीचा नंबरही त्यात योगायोगाने बसतो, पण कोड कुठे संपतो ते चुकतं. तो तुकडा पुढे वेगळा वापरला की घोळ होतो. शून्यानंतर एकूण दहा आकडे, एवढंच धरून चाला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावतानाही आधी शून्य लावावं लागतं, त्यामुळे मोबाइल याच साच्यात बसतो. ११२, १९३० आणि १८०० ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर मात्र या बदलातून आधीच वेगळे काढा. ११२ च्या पुढे +९१ लागलेलं कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि पडतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

प्रोफाइल कुठे लावायची: ग्लोबल, टेनंट की डायल-पीअरवर?

क्यूबवर तिन्ही ठिकाणी लावता येते. डायल-पीअर म्हणजे कोणता कॉल कुठे जोडायचा याची नोंद, टेनंट म्हणजे एका शेजाऱ्यासाठीच्या सेटिंग्जचा गट. डायल-पीअरवर असेल तर तीच चालते, ती नसेल तर टेनंटची, तीही नसेल तर ग्लोबल. त्या एकमेकींत मिसळत नाहीत. ग्लोबलमध्ये पाच नियम आहेत आणि डायल-पीअरवर एका नियमाची वेगळी प्रोफाइल लावली, तर त्या डायल-पीअरवर तो एकच नियम चालेल. “काल एक छोटासा नियम वाढवला आणि कॉलर आयडी गेला” अशी तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्यावा.

माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक शेजाऱ्याला, म्हणजे प्रोव्हायडर, टीम्स, पीबीएक्स, रेकॉर्डर यांना, आपापला टेनंट द्यावा आणि प्रोफाइल टेनंटला लावावी. ग्लोबल प्रोफाइल रिकामी राहू द्यावी. एकाच्या लहरीसाठी लिहिलेला नियम दुसऱ्याच्या संदेशावर चालण्याचं काही कारण नसतं.

क्यूबवर नियमाची रचना कशी असते?

‘व्हॉइस क्लास एसआयपी-प्रोफाइल्स’ आणि एक क्रमांक दिला की प्रोफाइल उघडते. आत प्रत्येक नियम काही गोष्टी क्रमाने सांगतो: नियम क्रमांक, रिक्वेस्ट की रिस्पॉन्स, कोणती मेथड (रिक्वेस्टचा प्रकार) किंवा कोणता कोड, एसआयपी हेडर की एसडीपी (आवाजाचा तपशील सांगणारा संदेशाचा भाग) हेडर, त्याचं नाव, आणि काय करायचं. करण्यासारख्या क्रिया चार: अॅड, रिमूव्ह, मॉडिफाय आणि कॉपी. मॉडिफायला दोन अवतरणं लागतात. पहिल्यात शोधायचा साचा, दुसऱ्यात त्याजागी घालायचा मजकूर.

नियम क्रमाने चालतात आणि आधीच्या नियमाने बदललेला मजकूर पुढच्या नियमाकडे जातो. म्हणून क्रमांक १०, २०, ३० असे सोडून द्या. क्रमांक नसलेली जुनी प्रोफाइल असेल तर आधी तिला क्रमांक देऊन घ्या, म्हणजे मधे नियम घालता येईल.

काही मर्यादा सिस्कोनेच सांगितल्या आहेत. टू, फ्रॉम, व्हाया, सीसेक, कॉल-आयडी आणि मॅक्स-फॉरवर्ड्स ही अनिवार्य हेडर घालता किंवा काढता येत नाहीत, फक्त बदलता येतात. बदलानंतर हेडरची लांबी नावासकट ३०० अक्षरांपुढे, किंवा एसडीपी २०४८ पुढे गेला, तर प्रोफाइल लागूच होत नाही. आणि नियम चालून झाल्यावर संदेश व्याकरणात बसतो का, हे क्यूब तपासत नाही. कंसाचं एक टोक खाल्लं गेलं तरी संदेश तसाच जातो. समोरून ४०० बॅड रिक्वेस्ट आला की मगच कळतं.

टीम्सकडे कॉल जात नाही, ४०३ (नकार) येतो. कॉन्टॅक्ट हेडरचा नियम तर लावला आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सावकाश पाहू.

टीम्सची एसआयपी प्रॉक्सी तुमचा एसबीसी आयपी पत्त्यावरून ओळखत नाही. कॉन्टॅक्ट हेडरमधलं एफक्यूडीएन ती पाहते, ते सर्टिफिकेटमधल्या नावाशी जुळतं का ते तपासते आणि त्यावरून तुमचं टेनंट शोधते. (हे मायक्रोसॉफ्टकडचं टेनंट, क्यूबच्या टेनंटशी त्याचा संबंध नाही.) कॉन्टॅक्टमध्ये आयपी असेल तर तिथेच नकार मिळतो.

क्यूब स्वतःहून कॉन्टॅक्टमध्ये आयपी घालतो. समजा, इन्व्हाइटमध्ये, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या संदेशात, तो असा आहे:

<एसआयपी:+९१२२…@२०३.०.११३.५:५०६१;ट्रान्सपोर्ट=टीएलएस>

नेहमीचा साचा असतो “@.*:”, म्हणजे ‘@’ पासून ‘:’ पर्यंतचं सगळं. त्याजागी ‘@’, आपल्या एसबीसीचं एफक्यूडीएन आणि ‘:’ असं घालायचं. इन्व्हाइटवर हे चालतं. आता ऑप्शन्समधला, म्हणजे ‘चालू आहात का’ असं विचारणाऱ्या संदेशातला, कॉन्टॅक्ट बघा:

<एसआयपी:२०३.०.११३.५:५०६१;ट्रान्सपोर्ट=टीएलएस>

इथे ‘@’ नाहीच. साचा जुळत नाही, नियम काहीही न करता पुढे जातो आणि आयपी तसाच टीम्सकडे पोचतो. टीम्सच्या बाजूचं सगळं ऑप्शन्सवर अवलंबून असतं. तुमच्याकडून योग्य ऑप्शन्स येईपर्यंत टीम्स उलट ऑप्शन्स पाठवत नाही आणि एसबीसी चालू असल्याचं मानत नाही. म्हणून ऑप्शन्ससाठी वेगळी प्रोफाइल करा. तिच्यात कॉन्टॅक्टचा साचा “<एसआयपी:.*:” असा ‘@’शिवाय ठेवा, फ्रॉममधला आयपीही बदला, आणि ती प्रोफाइल ‘एसआयपी-ऑप्शन्स-कीपअलाइव्ह’ क्लासला जोडा. डायल-पीअरवरची मुख्य प्रोफाइल वेगळी राहील.

दोन गोष्टी राहून जातात. एक, कॉन्टॅक्टचा नियम रिक्वेस्टइतकाच रिस्पॉन्सलाही लागतो, कारण टीम्सकडून आलेल्या कॉलला तुम्ही २०० ओके (कॉल उचलल्याचं उत्तर) देता त्यातही कॉन्टॅक्ट असतो. दुसरी, ‘.*’ हाव धरतो. जुळण्याजोगा शेवटचा ‘:’ सापडेपर्यंत तो सगळं गिळत जातो. हेडरमध्ये पुढे कुठे पॅरामीटरच्या पोटात आणखी एक ‘:’ आला, तर मधलं सगळं साफ होतं. जिथे शंका असेल तिथे ‘.*’ ऐवजी ‘[^:]*’ लिहा, म्हणजे ‘:’ सोडून बाकीचं काहीही.

टीम्सचे पत्ते तीन: एसआयपी, एसआयपी२ आणि एसआयपी३, प्रत्येकापुढे ‘.पीएसटीएनहब.मायक्रोसॉफ्ट.कॉम’. पोर्ट ५०६१, टीएलएस. डायल-पीअर तिघांचे करा आणि तिघांवर कीपअलाइव्ह लावा.

इनबाउंड नियम लिहिला, डायल-पीअरला लावला, तरी काहीच होत नाही.

क्यूबवर इनबाउंड प्रोफाइलची सोय आधी ग्लोबल पातळीवर, ‘व्हॉइस सर्व्हिस व्हीओआयपी’ खालच्या ‘एसआयपी’ भागात, चालू करावी लागते. त्यानंतर डायल-पीअरवर प्रोफाइल जोडताना शेवटी ‘इनबाउंड’ शब्द हवा. तो राहिला तर तीच प्रोफाइल आउटबाउंड म्हणून लागते आणि भलत्याच दिशेचे संदेश बदलत बसते.

आत आलेल्या संदेशातलं हेडर दुसऱ्या लेगवर (कॉलच्या दुसऱ्या बाजूवर) जसंच्या तसं न्यायचं आहे.

एसबीसी हा बॅक-टू-बॅक यूजर एजंट आहे. आतला कॉल त्याच्यासाठी संपतो आणि बाहेरचा नव्याने सुरू होतो. अनोळखी हेडर वाटेतच गळतात. क्यूबवर कॉपीलिस्ट करून कोणती हेडर जपायची ते सांगा आणि ती आत येणाऱ्या डायल-पीअरला लावा. मग बाहेर जाणाऱ्या प्रोफाइलमध्ये ‘पीअर-हेडर’ वापरून त्यातला हवा तो तुकडा चलात (यू०१, यू०२ अशी नावं असतात) घ्या आणि पुढच्या नियमात तो चल वापरा. कॉपीलिस्ट चुकून बाहेरच्या डायल-पीअरला लावली तर चल रिकामा येतो.

समोरच्याला आमचा नंबर दिसत नाही, किंवा सगळ्यांना बोर्डाचाच नंबर दिसतो.

फ्रॉम आणि पी-असर्टेड-आयडेंटिटी ही दोन वेगळी हेडर आहेत. फ्रॉममध्ये कॉल करणारा स्वतःबद्दल काय सांगतो ते असतं. पी-असर्टेड-आयडेंटिटीत, आरएफसी ३३२५ प्रमाणे, विश्वासातल्या नेटवर्कने पडताळलेली ओळख असते. बरेच प्रोव्हायडर आपण दिलेल्या डीआयडी रेंजमधला (ऑफिसच्या थेट नंबरांपैकी) नंबर पी-असर्टेड-आयडेंटिटीत शोधतात. तो मिळाला नाही तर ट्रंकचा मुख्य नंबर लावतात किंवा कॉलच नाकारतात.

आधी प्रोव्हायडरकडून लेखी घ्या: कोणत्या हेडरमध्ये, कोणत्या रूपात (+९१ सह, दहा आकडे की शून्यासह), आणि डोमेनच्या जागी काय हवं. मग क्यूबवर ‘असर्टेड-आयडी’ सेटिंग चालू करा. त्यातून हेडर तयार होतं. नियमाचं काम उरलंच तर डोमेनचा भाग बदलण्यापुरतं. टीम्सकडून पी-असर्टेड-आयडेंटिटी यायला हवी असेल तर तिथल्या गेटवेवर ‘फॉरवर्ड-पीएआय’ चालू असावं लागतं.

फॉरवर्ड केलेले कॉल प्रोव्हायडर नाकारतो.

पुण्याच्या ऑफिसात ग्राहकाचा फोन आला आणि टीम्सने तो कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर फॉरवर्ड केला. बाहेर जाणाऱ्या कॉलच्या फ्रॉममध्ये ग्राहकाचा नंबर आहे. प्रोव्हायडर म्हणतो, हा नंबर तुमचा नाही. कॉल फॉरवर्ड होऊन चालला आहे आणि मधला नंबर आमचा आहे, हे त्याला सांगावं लागतं, आणि ते सांगण्याच्या पद्धती दोन आहेत.

जुनी पद्धत डायव्हर्जन हेडरची. ती आरएफसी ५८०६ मध्ये २०१० साली ‘ऐतिहासिक’ म्हणून नोंदली गेली, पण प्रत्यक्षात अजून सर्रास वापरात आहे. दुसरी हिस्ट्री-इन्फोची, आरएफसी ७०४४. टीम्स, ‘फॉरवर्ड-कॉल-हिस्ट्री’ चालू केल्यावर, हिस्ट्री-इन्फो पाठवतं. तुमच्या प्रोव्हायडरला डायव्हर्जनच हवं असू शकतं.

दोघांचा क्रम उलटा असतो. डायव्हर्जनमध्ये सगळ्यात ताजी नोंद सर्वांत वर. हिस्ट्री-इन्फोत सुरुवात पहिल्या नंबरपासून होते आणि ताजी नोंद शेवटी येते. नियमाने पहिली ओळ उचलून डायव्हर्जनमध्ये टाकली तर एकदा फॉरवर्ड झालेला कॉल नीट जातो, दोनदा फॉरवर्ड झालेल्याचा नंबर चुकतो. कारणंही वेगळ्या भाषेत असतात: हिस्ट्री-इन्फोतल्या यूआरआयमधला कॉज ३०२ म्हणजे अनकंडिशनल, ४८६ म्हणजे यूजर-बिझी, ४०८ म्हणजे नो-आन्सर. हा सगळा जोडनकाशा आरएफसी ७५४४ मध्ये आहे. तुमच्या एसबीसीवर या रूपांतराचं तयार सेटिंग असेल (ऑडिओकोड्सच्या आयपी प्रोफाइलमध्ये ते आहे), तर तेच वापरा. हे रूपांतर रेग्युलर एक्सप्रेशनने करायला बसू नये.

कॉल ठरावीक वेळाने तुटतो.

मिनिटं-सेकंद नीट मोजा, निम्मं निदान तिथेच होतं.

सुमारे ३२ सेकंदांनी तुटत असेल तर अॅक (२०० ओके मिळाल्याची पोच) पोचत नाही. २०० ओके गेला, बोलणं सुरू झालं, आवाज दोन्हीकडे व्यवस्थित आहे, पण २०० ओके पाठवणाऱ्याला अॅक मिळाला नाही. तो टी१ च्या ६४ पट वेळ वाट पाहतो आणि बाय (कॉल संपवणारा संदेश) पाठवतो. अॅक जातो तो २०० ओकेमधल्या कॉन्टॅक्टच्या आणि रेकॉर्ड-राउटच्या पत्त्यावर. म्हणजे कॉन्टॅक्टला हात लावणारा नियम पहिला तपासा. एफक्यूडीएन घातलं असेल तर समोरच्याच्या डीएनएसमध्ये ते सापडतं का, पोर्ट बरोबर आहे का, तेही पाहा.

१५ मिनिटांच्या आसपास तुटत असेल तर सेशन टायमरकडे वळा. आरएफसी ४०२८ मध्ये शिफारस केलेला कालावधी १८०० सेकंद आहे आणि त्याच्या निम्म्यावर, ९०० सेकंदांनी, ताजेतवाना करणारा री-इन्व्हाइट किंवा अपडेट जातो. तो जातो, आणि समोरून ४८८ किंवा ४८१ असा नकार येतो. या री-इन्व्हाइटमधल्या एसडीपीवर तुमचे नियम पुन्हा चालतात. पहिल्या इन्व्हाइटसाठी लिहिलेला नियम इथे नको ते बदलतो. ट्रेसमध्ये दोन्ही एसडीपी शेजारी ठेवून ओळीओळीने ताडा.

साडेएकोणतीस मिनिटांच्या जवळ तुटत असेल तर रीफ्रेश गेलाच नाही. समोरचा कालावधी संपण्याच्या ३२ सेकंद आधी, म्हणजे १७६८ व्या सेकंदाला, बाय पाठवतो. आपण ताजेतवानं करणार की समोरचा, यावर दोन्ही बाजूंचं एकमत नसतं. हे बऱ्याचदा कोणीतरी सेशन-एक्स्पायर्स हेडर नियमाने काढल्यामुळे होतं. काढणाऱ्याला वाटतं टायमर बंद झाला. तो एकाच बाजूने बंद झालेला असतो. टायमर नको असेल तर तो सेटिंगमधून बंद करा. ४२२ येत असेल तर तुमचा कालावधी समोरच्याच्या मिन-एसईपेक्षा (किमान कालावधीपेक्षा) कमी आहे, तो वाढवा. मिन-एसई ९० सेकंदांच्या खाली नसतो.

होल्डवर टाकल्यावर संगीत ऐकू येत नाही, किंवा होल्ड काढल्यावर आवाजच येत नाही.

होल्ड करणारा एसडीपीमध्ये सेंडओन्ली (फक्त पाठवणार) किंवा इनअॅक्टिव्ह लिहितो. काही जोडण्यांमध्ये एकाला सेंडओन्ली चालत नाही म्हणून नियमाने त्याचं इनअॅक्टिव्ह करतात. टीम्ससोबतच्या क्यूबमध्ये हा नियम दिसतो. तो लावला तर संगीत कुठून येणार ते आधी ठरवा, कारण इनअॅक्टिव्ह म्हणजे दोन्ही दिशा बंद. हा नियम कोणत्या लेगवर, कोणत्या दिशेने आहे ते काटेकोर पाहा. सेंडओन्लीला रिसीव्हओन्ली हे उत्तर असतं, इनअॅक्टिव्हला इनअॅक्टिव्ह. नियमाने प्रश्न बदलला तर उत्तरही बदलून येतं, आणि स्टॅकने मुळात सेंडओन्ली विचारलेलं असतं.

डीटीएमएफ (कॉलमध्ये दाबलेले आकडे) चालत नाही. नियम लिहू का?

नको. टेलिफोन-इव्हेंट एसडीपीमध्ये आहे का ते पाहा, दोन्ही लेगवर आरटीपी-एनटीई (हे आकडे आरटीपीतून, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांच्या प्रवाहातून, पाठवण्याची पद्धत) सेट करा आणि पेलोड नंबर जुळवा. एसडीपीतला १०१ हा आकडा नियमाने बदलला तरी प्रत्यक्ष आरटीपी पॅकेट जुन्याच नंबरने जातात.

यूजर-एजंट आणि सर्व्हर हेडर लपवावीत का?

लपवावीत. नियमांचा हा निर्धोक उपयोग आहे. सिस्को आयओएसची (क्यूबच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती बाहेरच्याला सांगायची गरज नाही. एवढ्याने सुरक्षा मात्र होत नाही. इंटरनेटवर उघड्या ५०६० वर स्कॅनर येतातच, म्हणून खरी राखण विश्वासू पत्त्यांच्या यादीने आणि फायरवॉलने करा. टीम्सकडे जाणाऱ्या संदेशांत यूजर-एजंट पूर्ण काढू नका, तिथे एसबीसीचं नाव आणि आवृत्ती अपेक्षित असते.

भारतातल्या ट्रंकवर परदेशातल्या टीम्स वापरकर्त्याचा कॉल उतरवायला नियम लिहिता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या हेडर काहीही करता येतील, पण हा टोल बायपासचा (परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणून इथल्या फोन लाइनवर उतरवण्याचा) प्रश्न आहे आणि तो दूरसंचार विभागाच्या नियमांत येतो. टीम्समध्ये त्यासाठी लोकेशन-बेस्ड राउटिंग आहे. तेच वापरा, आणि अनुपालन सांभाळणाऱ्यांना विचारल्याशिवाय असं राउटिंग उघडू नका.

नियम लावण्याआधी आणि नंतर चाचणी कशी घ्यावी?

आधी बिघडलेल्या कॉलचा ट्रेस साठवा. क्यूबवर ‘डीबग सीसीएसआयपी मेसेजेस’ बफरमध्ये घ्या, कन्सोलवर नको. ट्रंक टीएलएसवर असेल तर बाहेरून पकडलेल्या पॅकेटमध्ये काही वाचता येत नाही, एसबीसीच्याच लॉगवर भिस्त ठेवावी लागते. मग एकच नियम लावा आणि तोच कॉल पुन्हा करा. इनबाउंड नियमाचा परिणाम पाहायचा तर दुसऱ्या लेगवरून बाहेर गेलेला संदेश वाचा.

नुसता एक कॉल लागला म्हणून थांबू नका. आत येणारा, बाहेर जाणारा, होल्ड, ट्रान्सफर, एकदा आणि दोनदा फॉरवर्ड केलेला, उचलला न गेलेला, मोबाइलवरचा आणि बाहेरगावच्या लँडलाइनवरचा असे सगळे करून पाहा. एक कॉल ३५ मिनिटं तसाच चालू ठेवा. हा शेवटचा कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक जण गाळतात, पण सेशन टायमरची गडबड दुसऱ्या कशानेही सापडत नाही.

जुनी प्रोफाइल वारशाने मिळाली आहे. तिच्यात वीस-पंचवीस नियम आहेत आणि कोणता कशासाठी हे कोणालाच माहीत नाही.

एकदम पुसू नका. त्या प्रोफाइलची नव्या क्रमांकाने नक्कल करा, वेगळा डायल-पीअर करून एक चाचणीचा डीआयडी त्यावरून फिरवा. मग एकेक नियम काढत वरच्या चाचण्या घ्या. काही नियम आता कुठेच जुळत नसतील, कारण प्रोव्हायडरने मधल्या काळात आपला सॉफ्टस्विच बदलला असेल. ते निर्धास्त काढा. काहींच्या जागी आता सेटिंग असेल, ते तिकडे हलवा. जे उरतील त्यांच्यापुढे नियम क्रमांक, कोणासाठी, कोणत्या लक्षणासाठी, प्रोव्हायडरचा टिकीट क्रमांक आणि तारीख अशी नोंद करा, आणि ती कॉन्फिगरेशनच्या बॅकअपशेजारीच ठेवा. प्रोव्हायडरने अपग्रेडची सूचना पाठवली की त्याच संध्याकाळी ही नोंद उघडून, कोणत्या नियमांची चाचणी पुन्हा घ्यायची ते ठरवा.